फिक्क्या खुनांच्या इंदूबाई

इंदूबाई हेडाऊ गेल्याचं मला लाखनीच्या वाचनालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. कोणीतरी 'भावपुर्ण श्रद्धांजली' असं लिहिलं होतं. खाली भराभर जोडलेले हात आले, फुलं आली, आणि मग वाचनालयाचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक चेटुले सर आले. त्यांनी लिहिलं, 'भावपूर्ण. पू दीर्घ.' झालं. ज्या बाईशी इतकी वर्षं भांडले ती बाई गेली, त्याबद्दल एक शब्द नाही, पू दीर्घ. मी तुमसरला स्वयंपाकघरात उभी होते. संतापाने फोन ओट्यावर आपटला आणि मग एकटीच हसत सुटले. कारण सरांच्या याच खोडीवर इंदूबाईंनी त्यांना भर सभेत पकडलं होतं, आणि ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

श्रद्धांजली मला लिहिता येत नाही. बाईंना ती आवडलीही नसती. त्या म्हणायच्या, आपल्या खुनाच्या पुस्तकांत कोणी मेला की लोक पहिल्यांदा त्याच्याबद्दल खरं बोलायला लागतात, तेच बरं. म्हणून खरं तेवढं सांगते. बाई हट्टी होत्या. खडूस होत्या. ग्रंथपाल असून वाचनालयात मोठ्याने हसायच्या, आणि चहात साखर कमी पडली तर कपाकडे अशा बघायच्या की करणारीच ओशाळी व्हायची.

वाचनालय हायवेला लागून, टायरच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांचं. खालून मालाचे ट्रक गेले की कपाटांच्या काचा वाजायच्या. मी तेव्हा एकोडीच्या पुढे एका खेड्यात शिकवत होते आणि लाखनीत खोली घेऊन राहत होते. पहिल्यांदा गेले ती काहीतरी भारदस्त वाचायचं ठरवून, म्हणजे जे हातात धरलं की माणूस दोन इंच उंच दिसतो असं. टेबलामागे ही बाई. हातमागाचं जाडसर पातळ, चष्मा कपाळावर, समोर बशीत भाजलेले शेंगदाणे. माहेर पवनीकडच्या कोष्ट्यांचं, त्यामुळे आधी माझ्या साडीचा पदर दोन बोटांत धरून पाहिला आणि नाक मुरडलं. मग विचारलं,

"सध्या कोनाचा राग येऊन राहिला?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी म्हटलं, मला पुस्तक हवंय. त्या म्हणाल्या, त्यासाठीच विचारते आहे. आता राग तर मला येतच होता. शाळेची सगळी ऑनलाइन कामं माझ्या डोक्यावर घालून आमचे तिथले मुख्याध्यापक खुर्चीत डुलक्या काढायचे. ते सांगितलं. बाई उठल्या, मागच्या कपाटातून एक जुनं पुस्तक काढलं आणि पुढ्यात टाकलं. एका निवृत्त नर्सबाईच्या मालिकेतला पहिला भाग. दुसऱ्याच प्रकरणात शाळेचा मुख्याध्यापक खिचडीच्या तांदळाच्या खोलीत मेलेला सापडतो.

मी ते एका बैठकीत वाचलं. सोमवारी शाळेत गेले तर आमचे साहेब तोंड उघडं टाकून झोपलेले, आणि मला राग येईचना. मेलेल्या माणसावर काय रागवायचं. मी संध्याकाळी दुसरा भाग आणायला धावले.

या पुस्तकांना बाईंनी स्वतःचं नाव दिलं होतं, फिक्के खून. आमच्याकडे बिनफोडणीच्या, बिनतिखटाच्या वरणाला फिक्कं वरण म्हणतात. भातावर घ्यायचं, वर तुपाची धार, पोटाला त्रास नाही. तसा हा खून. खून व्हायला हवा, पण रक्त दिसायला नको. मेला तो गावाच्या मते आधीच मरायला हवा होता. पोलिसाला काही कळत नाही. एका बाईला कळतं, जिला कोणी मोजत नाही. आणि शेवटी सगळे एका खोलीत जमतात आणि चहा पितात. ज्यांना तिखट हवं त्यांनी टीव्ही लावावा, असं त्या सरळ सांगायच्या.

नागपूरला लग्नाकार्याला गेल्या की बाई मांडवात कमी आणि सीताबर्डीच्या फुटपाथवर जास्त. जुन्या पुस्तकांच्या ढिगातून मालिका हुडकून काढायच्या, मराठीतल्या आणि मराठीत आणलेल्याही. पारख करायची त्यांची रीत वेगळीच. पहिला भाग त्या बघायच्याच नाहीत. पहिला कोणीही चांगला लिहितो म्हणे, दुसऱ्यात पितळ उघडं पडतं. दुसरा घ्यायचा आणि खून झाल्यावर घरातले काय खातात ते शोधायचं. कोणीच काही खात नसेल तर ते पुस्तक परत ढिगात. "मानूस मेला तरी सयपाक कोनाले चुकला का?" असं दुकानदाराला विचारायच्या. तो बिचारा काय सांगणार.

मालिकेची खरी नावं त्यांनी कधी वापरली नाहीत. नर्सबाई, पोस्टवाली, लोणचेवाली, अशीच नावं. आणि नियम एकच, मालिका म्हणजे मालिका. पहिला भाग वाचल्याशिवाय दुसरा मिळणार नाही. तहसीलदारांच्या मिसेसना एकदा चौथा हवा होता. बाईंनी त्यांच्यासमोर कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

वाचायला यायच्या त्या बहुतेक बायाच. लाखांदूरहून सुनंदा यायची. लाखांदूर काही जवळ नाही, एसटीने अख्खी सकाळ जाते. माहेर लाखनीचं म्हणून महिन्यातून एकदा यायची, आणि माहेरच्या आधी वाचनालयात चढायची. तिचा राग सासूवर होता. तिला पोस्टवाली मिळाली होती, ज्यात पहिली घरमालकीण मरते. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत बाया चिखलात वाकलेल्या, तेव्हा वाचनालय ओस पडायचं. रोवणा संपला की हातापायांना तेल चोळून पुन्हा हजर. पुढे सुनंदाची सासू वारली. बाईंनी विचारलं, आता कोणाचा राग? सुनंदा म्हणाली, राग संपला, पण मालिका नाही संपली ना.

बाईंच्या जगात पाप एकच होतं. खुनी कोण ते आधी सांगून टाकणं.

आता चेटुले सर. माणूस वाईट नव्हता असं म्हणायची पद्धत आहे, पण मी म्हणणार नाही. शिकवायचे उत्तम, हे मात्र त्यांचे जुने विद्यार्थीही सांगतात. खिशाला कायम पेन्सिलीचा तुकडा. लग्नपत्रिका हातात आली की आधी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करणार, मग तारीख बघणार. किराणा दुकानाच्या पाटीवरचा उकारसुद्धा त्यांनी स्टुलावर चढून नीट केला होता. ते अध्यक्ष झाले आणि त्यांच्या डोळ्यांत फिक्क्या खुनांची दोन कपाटं सलायला लागली. म्हणाले, इथे स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका करू. अभ्यासिकेला कोणाची ना होती? दुसऱ्या खोलीत तुटक्या खुर्च्या आणि जुन्या सत्कारांच्या फोटोफ्रेमा होत्या, त्या हलवल्या असत्या तर भागलं असतं. पण फ्रेमांमध्ये सर होते.

शिवाय खरं दुखणं घरातलं होतं. चेटुलेकाकू, म्हणजे सरांच्या मिसेस, नर्सबाईच्या नादी लागल्या होत्या. दुपारी पुस्तक हातात असलं की सरांचा चहा लांबायचा. हे काकूंनीच एकदा जिन्यात मला सांगितलं, आणि सांगताना त्यांचा चेहरा चांगला फुललेला होता.

त्या दिवाळीनंतर पुस्तकं नासायला लागली. पहिलं पान उघडलं की पेन्सिलीने लिहिलेलं, 'खुनी : डॉक्टर.' दुसऱ्यात, 'खुनी : धाकटी जाऊ.' लोणचेवालीचा तर एकही भाग सुटला नाही. खोडरबराने पुसलं तरी कागदावर वळ राहायचा. बाया हिरमुसून पुस्तकं परत करू लागल्या. सुनंदा एवढ्या लांबून आली आणि पहिल्याच पानावर उत्तर बघून तशीच परत गेली. इकडे सर कमिटीत सांगू लागले, पाहा, वाचक घटले. कपाटं ठेवायची तरी कोणासाठी?

बाई दोन दिवस एकेक पुस्तक उघडून बघत होत्या. मग बाजाराच्या दिवशी, भाजीच्या पिशव्या घेऊन वर चढलेल्या सगळ्या बायांच्या हातात त्यांनी एकेक पेन्सिल दिली आणि म्हणाल्या, "लिहा. ज्याच्यावर राग असन त्याले खुनी करा. खरं सापडूच नाही पाह्यजे."

काय लिहिलं बायांनी त्या दुपारी. एकेका पानावर सात-आठ खुनी. डॉक्टर, वकील, जावई, दूधवाला, मामेसासरे. एकीने तर पुस्तकात नसलेल्या स्वतःच्या नवऱ्याचं नाव घातलं. खालच्या टायरवाल्याने वर येऊन विचारलं, एवढं काय हसून राहिल्या? खरा खुनी त्या गर्दीत असा हरवला की शोधायला पुस्तकच वाचावं लागणार. वाचनालय पुन्हा भरलं. उलट पहिल्या पानावरची नावं बघून बाया आधी पैजा लावायच्या आणि मग पुस्तक न्यायच्या ते वेगळंच.

आणि त्यातूनच ती उत्तरं लिहिणारा सापडला. एका संध्याकाळी बाईंनी टेबलावर पुस्तकं उघडी मांडली आणि मला बोलावलं. म्हणाल्या, मास्तरीण आहेस ना, तपास. यातलं शुद्ध कोणतं? मी बघितलं. 'खूनी डाक्तर', 'खूनी जावइ', 'खूनी - भाऊजी'. सगळ्या बायांनी खू दीर्घ काढलेला. साहजिक आहे, खून दीर्घ म्हणून खूनीही दीर्घ, असं कोणालाही वाटतं. पण नियम असा की शेवटचं अक्षर दीर्घ झालं की आधीचा उकार ऱ्हस्व होतो. खून, पण खुनी. आणि प्रत्येक पानावर एकच खुनी तसा होता. ऱ्हस्व. पुढे नेटकी दोन टिंबं, शेवटी पूर्णविराम.

"पुऱ्या लाखनीत असा लिहिनारा कोन आहे?" बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, दोघं. एक मी, एक चेटुले सर.

बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, आपल्या पुस्तकांत खुनी तुझ्यासारखीच निघते. मी शपथ घेतली तेव्हा कुठे माझ्या हातावर शेंगदाणे ठेवले.

वार्षिक सभेत कपाटांचा ठराव होता. ठराव झाला तर पुस्तकं रद्दीत जाणार, हे सरांनी नोटीस बोर्डावर आधीच लावलं होतं. बाईंच्या दृष्टीने त्यांचं सगळं आयुष्यच त्या दोन कपाटांत होतं. मूलबाळ नव्हतं, यजमान लवकर गेलेले. ते त्या कधी बोलून दाखवायच्या नाहीत, पण त्या दिवशी सकाळी त्यांनी एकेक पुस्तक फडक्याने पुसलेलं मी पाहिलं. मग सरांच्या खुर्चीच्या बरोबर समोरच्या भिंतीवर एक मोठा कागद चिकटवला. त्यावर ठळक अक्षरात, 'पहिल्या पानावर खूनी कोण ते लिहू नये.'

बाया सगळ्या आल्या. सुनंदा लाखांदूरहून आली. चेटुलेकाकू मागच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. सर बोलायला उभे राहिले. वाचन हे संस्कारासाठी असतं, वगैरे सुरू झालं. पण नजर सारखी त्या कागदाकडे. एक वाक्य बोलायचे, कागदाकडे बघायचे. अडखळायचे. शेवटी त्यांना राहवेना. बोलता बोलताच खिशातून पेन्सिल काढली, कागदापाशी गेले, दीर्घ उकार खोडला, ऱ्हस्व काढला, आणि सवयीने वाक्याच्या शेवटचा पूर्णविराम गिरवून घेतला.

बाई उठल्या. लोणचेवालीचा पहिला भाग उघडून त्या कागदाच्या शेजारी धरला. खालून एक ट्रक गेला आणि काचा वाजल्या.

"सर, अक्षर चांगलं आहे तुमचं," बाई म्हणाल्या.

सर लाल झाले, पण माघार घेणारा माणूस नव्हताच तो. म्हणाले, हो, मीच लिहिलं, आणि पुन्हा लिहीन. या पुस्तकांतून बायांना मिळतं काय? एक तरी ज्ञानाची ओळ आहे का यांच्यात?

मग बाई जे बोलल्या ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. आवाज चढवला नाही.

"नाही, सर. एक बी नाही. सकाळपासून बाईले सारे शिकवूनच राह्यले. सासू शिकवते, नवरा शिकवते, आता पोरंबी शिकवून राह्यली. एक पुस्तक तं असं असू द्या, जे तिले काही शिकवत नाही. तिले मज्जा येते. मज्जा. दुसरं काही कारन नाही, आन मी सांगनार बी नाही."

बायांनी टाळ्या वाजवल्या. तुम्हाला वाटेल, इथे आम्ही जिंकलो. छे. मतदान आलं आणि सरांनी नियम काढला, कार्डावर ज्याचं नाव त्याचंच मत. आणि कार्डं सगळी नवऱ्यांच्या नावावर. सासऱ्याच्या, भावाच्या नावावर. इतकी वर्षं वाचणाऱ्या बायांपैकी मोजक्या सोडल्या तर एकीचंही मत धरलं गेलं नाही. ठराव पास. महिनाअखेर कपाटं रिकामी करावीत. मला रडूच कोसळलं. बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी डोळे पुसले.

त्या शांतपणे टेबलामागे जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, ठराव कपाटाचा झाला. पुस्तकं घरी न्यायला बंदी झाली का? सर म्हणाले, नाही, पण एका कार्डावर एकच पुस्तक. बाई म्हणाल्या, "मंग मालिका म्हंजे एकच पुस्तक. तुकड्यात छापलं म्हनून काय झालं?"

आणि पिशव्या उघडल्या. भाजीच्या, बाजाराच्या, एसटीच्या प्रवासाच्या. बाया ओळीने टेबलाशी येऊ लागल्या. नवऱ्याचं कार्ड, अख्खी मालिका. सासऱ्याचं कार्ड, अख्खी मालिका. पोस्टवाली सुनंदाबरोबर लाखांदूरला निघाली. लोणचेवाली एकोडीच्या एका बाईने डोक्यावर घेतली. शेवटी चेटुलेकाकू पुढे आल्या आणि नर्सबाई मागितली.

"कार्ड कोनाच्या नावाचं?" बाईंनी मुद्दाम मोठ्याने विचारलं.

"ह्यांच्या," काकू म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत कपाटं रिकामी झाली. किल्ल्या टेबलावर ठेवून बाई जिना उतरल्या आणि पुन्हा कधी वर चढल्या नाहीत. त्याआधी मात्र सगळ्यांना चहा झाला. सरांनाही दिला. त्यांनी प्यायला.

तेव्हापासून त्या मालिका अशा गावोगाव पसरल्या आहेत. लोणचेवाली वाचायची तर एकोडीला जावं लागतं. पोस्टवालीचे भाग लाखांदूरच्या गाडीच्या कंडक्टरकडे देऊन मागवता येतात. आणि नर्सबाई चेटुले सरांच्या दिवाणखान्यात आहे, त्यांच्या व्याकरणाच्या पुस्तकांच्या खालच्या कप्प्यात. ज्या बाईला ती हवी, तिने जाऊन बेल वाजवायची. बाया नेमक्या सरांच्या वामकुक्षीच्या वेळी वाजवतात. दार बहुतेक सरच उघडतात.

कोणता भाग कोणाकडे, हे विचारायचं तर इंदूबाईंना. त्या दुपारी लाखनीच्या बसस्टँडवर, पाणपोईजवळच्या बाकावर बसायच्या. माझी तुमसरला बदली झाली तेव्हाही तिथेच होत्या. मी भंडाऱ्याच्या गाडीत खिडकीशी बसले. बाई बाकावरून उठून खिडकीखाली आल्या. पिशवीतून एक नवं पुस्तक काढलं, कुठल्याशा शिवणकाम करणाऱ्या बाईच्या मालिकेचा पहिला भाग. वर करून धरलं आणि विचारलं, आता कोणाचा राग येतो?

मी भोळसटासारखी म्हणून गेले, आता कोणाचाच नाही हो, बाई.

त्यांनी पुस्तक खाली घेतलं आणि पिशवीत टाकलं.

"मंग तुले कायले पाह्यजे? राग आला का ये," म्हणाल्या. कंडक्टरने घंटी मारली. मी मान वळवून बघेपर्यंत त्या बाकावर परत गेल्या होत्या. पिशवी दोन पायांमध्ये धरून, शेजारी बसलेल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या अनोळखी बाईकडे वाकून काहीतरी विचारत होत्या. काय विचारत होत्या ते मला माहीत होतं. ती बाई आधी दचकली, मग इकडेतिकडे बघून हळूच बोलायला लागली.

तेवढंच मी बघितलं. पुन्हा भेट नाही.

बाई, आता राग आलाय. खूप आलाय. तुम्ही अशा गेलात म्हणून आलाय आणि त्या पू दीर्घवाल्याचा तर फारच आलाय. ओट्यावरचा फोन उचलला आणि ग्रुपवर, फुलांच्या आणि हातांच्या खाली, लिहिलं : 'सर, रविवारी दुपारी नर्सबाई न्यायला येते. शेवटचा भाग माझा राहिला आहे. दार उघडा, आणि खूनी कोण ते सांगू नका.'

खू मुद्दाम दीर्घ काढला. आणि फोन हातात धरून बसले, तर लगेच वर दिसू लागलं की चेटुले सर टाइप करत आहेत.